बिनखुणेची शिवराई

न्हाई हो दादा, ते विकायचं न्हाई. गाड्यावरचं काय बी घ्या – ह्या शिवराया हायेत, कीचेन हायेत, पितळी तलवारी हायेत, न्हाईतर लिंबाचं सरबत घ्या एक गार – पन ते लेकराच्या गळ्यातलं हाय, त्याला नगा हात लावू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. तुमी किल्ला फिरून आलाय, दमलाय, बसा सावलीला. गोणपाटावर बसा, त्या खुर्चीचा एक पाय लंगडा हाय, मागं एक मास्तर पडले त्याच्यावरून आन मलाच बोलले. माझा हात चालू राहील, त्याचं काय वाटून घेऊ नगा. ठोकल्याबिगर गाड्यावर मांडायचं न्हाई, असं ठरवलंय मी.

काय ठोकते? हे बगा. ही शिवराई. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’ – ‘छत्र’ वर, ‘पति’ खाली. आन ह्या ‘पति’च्या बुडाशी हा लोखंडी खिळा धरायचा, त्याच्या टोकाला उलटी अक्षरं कोरलेली हायेत, आन वरून हातोडीचा एक घाव. एकच. दुसरा घातला की अक्षर सरकतं. उठलं बगा – ‘नक्कल’. वाचता येतंय ना? बारीक हाय पन येतंय. घाण दिसतंय, व्हय, सगळेच म्हनत्यात. परवा एक कॉलेजची पोरगी आल्ती, फोटू काढला, आन म्हनती, ताई, ह्यात नक्कल दिसतंय, बिनलिवलेली द्या ना एक, स्टेटसला टाकायचीय. म्हनलं बाई, नक्कलच हाय तर दुसरं काय दिसायचं? रुसून गेली. जाऊ दे.

कायदा म्हनून ठोकते का? आता कायदा मला काय कळतो दादा, सातवी शिकले मी, आन सातवीचं बी निम्मं वरीस आई-बापासंगं फडात ऊस वाहन्यात गेलं. पन एवढ्या महिन्यांत कोर्टाच्या आवारात बसून बसून जे कानावर पडलं तेवढं सांगते. आमचे वकील म्हनत्यात, जुन्या राजाचं नाणं आज बाजारात चालत न्हाई, तवा ते बनवलं म्हनून खोटे पैसे पाडल्याचा गुन्हा लागत न्हाई. बनवा, विका, किल्ल्याची आठवण म्हनून द्या लोकांना. पन खरं हाय असं सांगून विकलं – जुनं हाय, आजोबाच्या देवघरातलं हाय, असं म्हनलं – की ती फसवणूक. तिथं सुटका न्हाई. बाहेरच्या एका देशात म्हनं कायदाच हाय, नकलेवर नक्कल असं कोरायचंच, न्हाई कोरलं तर विकायचंच न्हाई. आपल्याकडं असं थेट लिवलेलं त्यांच्या तरी वाचन्यात न्हाई म्हनले. आन मग हसून म्हनले, पंकजाताई, तुमी आपला तो परदेशातला कायदा इथं खर्डा गावात लागू करून टाका. मी तवापासून लागू केलाय. मला हसू न्हाई आलं, पन लागू केलाय.

अहो दादा – तिकडं नगा बगू सारखं. ऊठंल त्यो. तुमच्या बगन्यानं न्हाई ऊठायचा, कळतंय मला, पन मला घोर लागतो. त्याच्याकडं कुनी टक लावून बगितलं की मी त्याच्यावर पदर वढती. सासूबाई म्हनत्यात, पंकजा, तुझ्या ह्या घोरानंच पोरगं वाळंल. असंल. काय करू? जरा तुमचा हात लावून बगा बरं कपाळाला – तुमचा हात कोरडा हाय, माझ्या हाताला हातोडीनं काय कळंना झालंय. ताप लागतोय का? न्हाई ना? नुसता उन्हाचा गरमपना हाय ना? बरं. बरं झालं.

शेतात सापडलं का म्हनताय? ते गळ्यातलं? न्हाई, न्हाई. सापडत्यात ह्या भागात, खोटं कशाला बोलू, लढाई झाल्येली जमीन हाय, नांगराला काय काय लागतं लोकांच्या. पन तसं सापडलं तर सरकारला कळवावं लागतं म्हनं, ते बी मला कोर्टातच कळलं. हे तसलं न्हाई. हे साधं हाय. काळं पडलंय म्हनून जुनं वाटतंय तुमाला. लेकराला रोज तेल लावते मी, घाम येतो, लाळ गळती, तांब्याला दुसरं काय व्हायचं? वरची कडी तेवढी सोनाराकडून झाळून घेतली. आमच्याकडं लहान लेकराच्या गळ्यात तांब्याची शिवराई घालत्यात काळ्या दोऱ्यात, नजर लागू नये म्हनून. माझ्या आज्जीच्या गळ्यात खरी हुती म्हनं. आता खरी कोन घालतंय?

किती? … न्हाई दादा, आकडा नगा सांगू. आकडा ऐकला की मानूस बिघडतं. मी एका मानसाला बिघडताना बगितलंय आकडा ऐकून, माझ्या चुलीपुढं बसून, भाकरीचा घास हातात तसाच. तवा नगाच सांगू.

अहो – फोटू काढला का काय तुमी? आत्ता मोबाईल वर धरला ते? दादा, फोटू नगा. काढून टाका, माझ्या देखत काढा. कुनाला पाठवायचा हाय? मित्राला? जानकार हाय म्हनजे काय – हां, म्हनजे त्यो सांगनार हे खरं हाय का खोटं. आन त्यो म्हनला खरं हाय, तर? मग तुमी उद्या परत येनार, त्यो बी येनार, गावात चार लोकांना इचारनार, पंकजाच्या पोराच्या गळ्यात काय हाय म्हनून. मला ते नकोय. अहो मी सांगते ना, खोटं हाय ते! दुकानदार बाई सोता सांगतीय खोटं हाय, आन गिऱ्हाईक म्हनतंय खरंच हाय – असं कुठं असतंय का? खूण न्हाई म्हनून खरं, असं नसतं. थांबा. तुमचा इस्वास बसत न्हाई ना, या इकडं, वाका जरा. त्याला धक्का नगा लावू. ‘राजा’तला ‘जा’ बगा. त्याच्या पायाला, बुडाशी, केसावानी चीर हाय. नखानं बगा. लागली? आता ही गाड्यावरची घ्या, नक्कल ठोकलेली. तिचा ‘जा’ बगा. हाय ना चीर? ही दुसरी घ्या. ही तिसरी. सगळ्यांना तिथंच. डायच – नाणं दाबायचा ठसा – तशी हाय, एका कोपऱ्याला टिचलेली, जेवढ्या पाडाल तेवढ्यांना तीच चीर येनार. खऱ्या शिवराया हातानं पाडल्येल्या, एकीसारखी दुसरी नसती, असं त्यो सरकारी जानकार कोर्टात सांगत हुता. आता पटलं? हे नाणं ह्याच डायवर पडलंय, आमच्याच घरात, ह्या हर्षलच्या पप्पांच्या हातानं, फक्त खूण मारायची –

…

हे मी कशाला बोलले.

न्हाई, काय न्हाई. पानी घ्या तुमी. मीच घेते जरा.

दादा, तुमी कुठले म्हनाला? पुण्याचे. कोर्टाशी, पोलिसाशी काय संबंध न्हाई ना तुमचा? खरं सांगा. शपथ नगा घेऊ, शपथंवर माझा आता इस्वास न्हाई, नुसतं सांगा. … बरं. मग आता अर्धं ऐकून गेलात तर चार ठिकानी अर्धंच बोलाल, त्याच्यापेक्षा पुरं ऐका आन इथंच टाकून जावा.

हे आत हायेत. नगरला, जेलात. हर्षलचे पप्पा. आमी मूळचे ऊसतोडकरी, दसऱ्यानंतर कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं जायचं आन उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं, सगळं गाव जातं तसं. पन ह्यांचा हात बारीक कामाचा. पावसाळ्यात गावाकडं असले की नगरला एका दुकानात जायचे – बिल्ले, मेडल, देवाचे टाक बनवायचं दुकान – तिथं हे डाय कोरायला शिकले. पत्र्याच्या चकत्या कापायच्या, डायमधी ठेवायच्या आन दांडा फिरवून दाबायच्या. मालकानं जुनं हातप्रेस मोडीत काढलं ते ह्यांनी आनलं घरी. आन त्या साली फडात गेलो न्हवतो, शिवजयंतीला ह्याच किल्ल्यापाशी पहिल्यांदा शिवराया मांडल्या. अहो, काय खपल्या. हे घरी आले ते नाचतच. म्हनले, पंकजा, आता कोयता टांगून ठेव. तवा बी ठोकायचो आमी नक्कल. पोलिसांच्या भ्यानं न्हाई, ह्यांनाच आवडायचं न्हाई तसं. म्हनायचे, आपन पाडल्येलं नाणं महाराजांनी पाडल्येलं म्हनून कसं द्यायचं, महाराजांचं नाव हाय त्याच्यावर. लई भोळं बोलायचे.

मग श्रीगोंद्याचा त्यो बजरंग आला. जुन्या वस्तूंचा धंदा करायचा. चांगला बोलायचा, मला वहिनी वहिनी करायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा. त्यानं शिवराई हातात घेतली, फिरवली, आन म्हनला, खुणंबिगर देतोस का. हे न्हाई म्हनले. परत आला, परत न्हाई म्हनले. तिसऱ्यांदा आला तवा मी पोटुशी हुते. आन त्यानं आकडा सांगितला. त्याचंच सांगितलं तुमाला मघाशी, घास हातात ऱ्हायला ते.

लोभ म्हनाल. म्हना. वकील बी म्हनले, न्यायाधीशाला लोभच दिसनार. पन दादा, ह्यांनी त्या घासाकडं न्हाई बगितलं, माझ्या पोटाकडं बगितलं. कारन दसरा तोंडावर आल्ता, आन त्या साली गाड्यावर काय खपत न्हवतं, आन मुकादम दोनदा इचारून गेल्ता, यंदा येताय ना म्हनून. मला परत फडात जावं लागलं असतं, पोट घेऊन. आन आमी ठरवलं हुतं की परत न्हाई जायचं. काय बी झालं तरी न्हाई.

का ठरवलं हुतं, ते – जाऊ द्या. ते ह्यात येत न्हाई.

येतं म्हना.

पहिली मुलगी हुती मला. राजनंदिनी. नाव बगा केवढं, एवढ्याशा जिवाला. ह्यांनीच ठेवलं, म्हनले आपन कोयत्यावाले, पोरीला तरी राजाचं नाव. त्या सकाळी अंग गरम हुतं तिचं. मी बैलगाडीखाली सावलीला निजवली, धडपं टाकलं, आन सरीत शिरले – तोड मागं पडली की सगळ्या टोळीची गाडी अडती, कुनी काय म्हनत न्हाई, पन बगत्यात. मधनं मधनं येऊन बगत हुते मी. रडत हुती तवर मला बरं वाटत हुतं. मग रडायची थांबली. मला वाटलं झोपली. मला वाटलं बरं झालं, जरा झोपली. मोळी बांधून मगच आले.

म्हनून मी ह्याला झोपू देत न्हाई फार. सारखी हात लावती. तुमी मघाशी मनात म्हनला असाल, बाई येडी हाय, परक्या मानसाला पोराचं कपाळ बगायला लावती.

तर ह्यांनी ती खेप पाडली बजरंगला. खुणंबिगर. आन त्या खेपेतली सगळ्यात स्वच्छ निघालेली एक बाजूला काढली. म्हनले, ही पोराची. किंवा पोरीची, जे हुईल त्याची. मी म्हनलं, हिच्यावर तरी ठोका. म्हनले, लेकराच्या वस्तूला घाव घालायचा नसतो. सासूबाई बी तेच म्हनल्या – घाव बसलेली वस्तू देवघरात चालत न्हाई, तशी लेकराच्या अंगावर बी न्हाई. राह्यली मग तशीच. बारशाला गळ्यात घातली. त्याच आठवड्यात पोलीस आले.

बजरंगनं काय केलं, त्या शिवराया वाळूत घासल्या, चिंचेच्या पान्यात टाकल्या, मातीत पुरल्या, आन श्रीरामपूरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला आजोबाच्या देवघरातल्या म्हनून दिल्या. त्या गृहस्थाला मी बगितलंय कोर्टात. साधा मानूस. साहेबाला सांगत हुता, मी त्या देवापुढं मांडल्या, रोज फूल वाहिलं, आन मला लोक हसले. मी खाली मान घालून बसले हुते, आन हा माझ्या मांडीवरनं त्यांच्याकडं बगून हसत हुता. ते बी हसले ह्याच्याकडं बगून. त्यांना ठाऊक न्हवतं हे कुनाचं. मला वाटलं उठावं आन पाया पडावं. पन वकिलांनी सांगितल्यालं, तिकडं बगायचं बी न्हाई.

आता ऐका, तुमी गळ्यात कशाला हात घालत हुता ते. हे पोलिसांना म्हनाले, मी सगळ्यांवर नक्कल ठोकूनच दिल्या, बजरंगनं ती खूण घासून काढली. आन बजरंगनं एवढं घासलंय सगळं, की कुनाला सांगता येईना, तिथं खूण हुती का न्हवती. बजरंग म्हनतो न्हवती, हे म्हनत्यात हुती. वकील म्हनले, एवढ्यावरच आपली होडी हाय, पंकजाताई. बिनघासलेली, बिनखुणंची एक जरी शिवराई ह्या डायची तुमच्या घरात निघाली, तर संपलं. जामीन दोनदा फेटाळलाय. सोमवारी परत तारीख हाय. वकिलांनी मला इचारलं, हाय का घरात एखादी? मी म्हनलं न्हाई. मांडीवर हा हुता. गळ्यात ही हुती, झबल्याच्या आत.

खोटं बोलतोय आमी, मला कळतंय. हे खोटं बोलले आमच्याकडं परत यायला, मी खोटं बोलती त्यांना वाचवायला, आन तो म्हातारा तिकडं देवासमोरची जागा मोकळी करून बसलाय. सगळं कळतंय. पन लेक एकदा घालवलीय दादा, आता ह्याला बापाबिगर वाढू देऊ का? जेलात जाळीच्या पलीकडनं बगत्यात ह्याला. ह्यानं त्यांना वळखलं न्हाई मागच्या खेपंला. तोंड फिरवून माझ्या पदरात घुसला. ते म्हनले, असू दे, असू दे, मोठा झालाय. आन मग गळ्याकडं बगून हातानंच इचारलं – हाय का? मी मान हलवली. त्यांना बरं वाटलं. मला सांगता येईना, की काढून फेका असं म्हना एकदा, तुमी म्हना, म्हनजे मी फेकते.

फेकवत न्हाई. विहिरीवर जाऊन आले दोनदा. दोरा सुटला न्हाई माझ्या हातानं. ही काढली आन ह्याला काय झालं तर?

काय? तुमाला देऊन टाकू? तुमी पुण्याला न्याल, इथं ऱ्हानारच न्हाई, कुनाला सापडायची न्हाई… आन तुमचा त्यो जानकार मित्र? तुमच्या मागारी तुमची मुलं? कपाटात ऱ्हाईल, व्हय, आज ऱ्हाईल. मग कधीतरी कुनीतरी म्हनंल, खर्ड्याला एका बाईच्या पोराच्या गळ्यातली, खूण न्हाई, म्हनजे खरी. बजरंग असाच सुरू झाला असंल कधीतरी. न्हाई दादा. तुमी वाईट हाय असं न्हाई म्हनत मी. तुमी मघापासून मला ताई म्हनताय, सरबताला दोनदा चांगलं म्हनलाय, त्यात साखर जास्त झालीय ते मला ठाऊक हाय. पन तुमच्या हातातनं बी ती खरी म्हनूनच जानार. खोटी म्हनून घ्यायला तुमी एवढा वेळ बसला नसता.

ऊठला का? ऊठला. ये रे, ये माझ्या केरू.

केरूच म्हनतो आमी घरात. हर्षल कागदावर. नाकात बगा ह्याच्या, बारीक भोक हाय, पोरगा असून. हसू नगा. आमच्यात पहिलं मूल गेल्यालं असलं की दुसऱ्याचं असं करत्यात. जन्मला त्याच्या पाचव्या दिवशी सुपात घालून सासूबाईंनी उकिरड्यावर नेऊन ठेवला. आन शेजारच्या पुष्पावतीकाकूंनी, अगं बाई, इथं कुनाचं टाकल्यालं पोर हाय म्हनून उचलला, आन मी मूठभर कोंडा देऊन त्यांच्याकडनं इकत घेतला. केरातनं आला म्हनून केरू. तिथंच सुपात नाक टोचलं, गालाला काळं लावलं. का? तर त्याला बगून नेनारानं म्हनावं, हे काय कामाचं न्हाई, हे खोट असल्यालं हाय, आन पुढं जावं. राजनंदिनीचं आमी न्हाई केलं तसं. तिला राजाचं नाव दिलं. चांगलं चांगलं ठेवलं. मी त्या दिवशी सुपातनं ह्याला घेतला, अंगाला राख लागलेली, नाकातनं रक्ताचा एक थेंब आल्याला, लई रडत हुता, आन मला वाटलं, चला, आता हा राह्यला माझा. खोट लागली ना, आता ह्याला कुनी न्यायचं न्हाई.

…

दादा, जरा धरा ह्याला.

धरा हो. मामाकडं बस रे सोन्या, दोन मिनिटं. पाठीला हात द्या, असं. रडला तर रडू द्या, सोडू नगा. दोरा मी काढती गाठीतनं. ह्यानं लाळ गाळून गाठ घट्ट केलीय – निघंना – निघाली.

बगा किती हलकी हाय. दिवसभर असल्या ठोकते, आन हिचं वजन येगळंच लागतंय. ते म्हनले हुते, लेकराच्या वस्तूला घाव घालायचा नसतो. सोमवारच्या आधी भेट हाय, तवा हातानं इचारतील, हाय का. मी मान हलवीन. जवळनं बगता येत न्हाई जाळीतनं. घरी आले म्हनजे बगतील. बोलतील मला. बोलू दे. घरी येऊन बोलू दे.

तिकडं तोंड फिरवा त्याचं. आवाजानं दचकंल.

एकच घाव घालायचा. दिवसभर नेम चुकला न्हाई.

…

सरकला खिळा. अर्धं ‘पति’वर गेलं. ‘न’ नीट आला न्हाई, ‘क्क’ला जोर जास्त झाला. वाचता येतंय का बगा. येतंय ना? पुसट न्हाई ना? बोटानं घासून बगा. बास. द्या त्याला इकडं. रडू नगं, रडू नगं केरू, झालं, घालती परत, ही बघ, तुझीच हाय. ह्या गाठीला मी दोन पदर घालती आता.

फोटूचं म्हनत हुता ना, आता काढा पाहिजे तर. न्हाई नगं का? बरं. मोबाईल खिशात ठेवला तुमी, ते दिसलं मला. त्या मित्राला काय कळवायचं ते कळवा. म्हनावं, खर्ड्याला किल्ल्यापाशी एका बाईच्या पोराच्या गळ्यात नक्कल हाय, तिच्यावर तसं लिवलंय. तेवढंच म्हना. बाकीचं मी बोलले न्हाई, तुमी ऐकलं न्हाई.

सरबताचं ऱ्हाऊ द्या. उठा आता दादा, गिऱ्हाईक आलंय.